लॉरेनचं वय

या अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असं संपादकांनी मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. लोकांना अंघोळ करायला आणि बटणं लावायला शिकवणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं काय असणार, असं वाटायचं. या मार्चमध्ये लॉरेन गेली. तिच्या अंत्यविधीहून परतल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते आहे. रोज थोडं लिहिते, वाचते, पुष्कळसं खोडते.

आधी कामाचं सांगायला हवं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नागपूरला शिकले, लग्नानंतर मिशिगनला आले आणि निवृत्त होईपर्यंत डेट्रॉइट आणि आसपासच्या गावांत लोकांच्या घरी जाऊन काम केलं. नावात 'ऑक्युपेशन' असल्यामुळे आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींना बरीच वर्षं वाटायचं, की मी लोकांना नोकऱ्या लावून देते. एका बाईंनी आपल्या भाच्याचा बायोडेटासुद्धा माझ्या हातात ठेवला होता.

फिजिओथेरपिस्ट माणसाला चालायला शिकवतो. तो माणूस चालत बाथरूमच्या दाराशी पोचला, की तिथून पुढे माझं काम. टबचा काठ कसा ओलांडायचा, कमोडवरून कसं उठायचं, एका हातानं शर्ट कसा घालायचा, चहाचं आधण शेगडीवरून ओट्यावर कसं आणायचं. या गोष्टी जमेनाशा झाल्या, की त्या माणसाला इथे 'डिसेबल्ड' म्हणतात. मराठीत 'अपंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा अपघात येतो किंवा जन्मापासून अधू असलेला पाय येतो. म्हातारपणातलं अपंगत्व तसं एकदम येत नाही. ते एकेक कृती उचलून नेतं. बहुधा आधी अंघोळ जाते, मग कपडे घालणं, मग संडासला एकट्यानं जाणं. सगळ्यात शेवटी जातं ते घास तोंडापर्यंत नेणं. लहान मूल ज्या क्रमानं हे सगळं शिकतं, साधारण त्याच्या उलट.

या कामानं मला एक सवय लावली. माणसाचं वय मी चेहऱ्यावरून जोखत नाही, तो खुर्चीतून कसा उठतो, जिना कसा चढतो, यावरून जोखते. हातांनी दांडे दाबतो का, उठण्याआधी पुढेमागे झोके घेतो का, उभा राहिल्यावर क्षणभर थांबून जगाचा अंदाज घेतो का. माझं उत्तर सहसा दोनतीन वर्षांपलीकडे चुकत नसे. मराठी मंडळाच्या पिकनिकला हा माझा खेळच होता. काही बायका तर माझ्यादेखत खुर्चीतून उठायचंच टाळायच्या.

लॉरेन मला पहिल्यांदा भेटली ती देवधर आजींच्या घरी. आजी सांगलीहून मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि इथल्या पहिल्याच हिवाळ्यात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन छान झालं. त्या वॉकर घेऊन चालायलाही लागल्या. अडलं ते अंघोळीपाशी.

"हे वरून अंगावर येणारं पाणी नको बाई मला," आजी म्हणाल्या. "नाकात जातं, डोळ्यांत जातं. बादली द्या."

सून बिचारी म्हणाली, "आई, इथे टबमध्ये बादली कशी ठेवायची? डॉक्टरांनी वाकायला नाही म्हटलंय."

मी टबमध्ये बसायची खुर्ची ठेवली, तिच्या शेजारी उंच स्टूल, स्टुलावर बादली आणि बादलीत आजींचाच तांब्या. वाकायचा प्रश्न मिटला. आता रोज अंघोळ घालायला कुणीतरी हवं होतं. आमच्या संस्थेनं होम हेल्थ एड पाठवली. या एड म्हणजे घरी येऊन आजाऱ्याला अंघोळ घालणाऱ्या, कपडे घालणाऱ्या, बिछाना बदलणाऱ्या बायका.

मी खिडकीतून बघत होते. जांभळ्या गणवेशातली एक धिप्पाड काळी बाई गाडीतून उतरली. टोपीखालून पांढरे कुरळे केस दिसत होते. दारापुढच्या पायऱ्या त्या एकेक करून चढल्या. एक पाय वर, मग दुसरा त्याच्या जोडीला, मग क्षणभर थांबायचं. माझ्या मनानं सवयीनं उत्तर देऊन टाकलं: सत्तरीच्या पुढे. या वयात या बाई दुसऱ्यांना अंघोळ घालतात, याचं मला नवल वाटलं आणि थोडा संकोचही.

आजींना ओळख करून देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, या लॉरेन मावशी."

ते निघून जाणं अगदी स्वाभाविक होतं. नागपूरला आमच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डात काम करणारी प्रत्येक बाई मावशीच होती. शिवाय ही तर वयानंही मोठी. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असलं, तरी मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणत होते.

"काय म्हणालीस तू मला?" लॉरेननी विचारलं.

मी सांगितलं. आईची बहीण. मोठ्या बायकांना आम्ही आदरानं तसं म्हणतो.

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाथरूमच्या फरश्या घुमल्या. "ऐकलंत का, मिस देवधर? मी हिच्या मम्माची बहीण आहे म्हणे. म्हणजे आजपासून हिनं मी सांगेन ते ऐकायचं!"

"काय म्हणतेय गं ती?" आजींनी विचारलं.

"पाणी फार गरम नाही ना, असं विचारतायत."

"पाणी राहू दे. तिला सांग, पाठ जोरात घास. आमची सून काचेचं भांडं घासल्यासारखी घासते."

आजींनी पहिला तांब्या अंगावर घेताना 'हर हर गंगे' म्हटलं, आणि तिसऱ्या दिवसापासून आजींच्या आधी लॉरेनच 'हर हर गंगे' म्हणायला लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि तासभर त्या आत बोलत असायच्या. मी टबाशेजारी उभी राहून आजींना उठायला शिकवत असले की लॉरेन बाजूनं सांगायच्या, "मावशी म्हणतेय, कोपर सोड तिचं. ती उठतेय बघ आपली आपण."

त्यानंतर बऱ्याच घरांत आमच्या वेळा जुळल्या. वर्षभर तरी हे 'मावशी' प्रकरण चाललं. मग एका गुरुवारी ऑफिसच्या मीटिंगला सुपरवायझर केक घेऊन आली. लॉरेनचा वाढदिवस. केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या होत्या, पाच आणि तीन.

मला वाटलं, कुणाची तरी गडबड झाली. मी लॉरेनच्या कानाशी लागून थट्टेनं म्हणाले, "दुकानात सात संपला होता वाटतं?"

लॉरेननी माझ्याकडे बघितलं. "हनी," त्या म्हणाल्या, "तुला मी किती वर्षांची वाटते?"

 हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मेणबत्त्या बरोबर आहेत.

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"सत्तावन्न."

हातातली बशी टेबलावर ठेवून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. जणू माझंच काहीतरी चुकलं होतं. मग त्या हसायला लागल्या. "म्हणजे हे सगळे दिवस मी तुला मावशी म्हणायला हवं होतं, गर्ल!"

त्या एकट्याच हसत होत्या. टेबलाभोवतीच्या बाकीच्या एड केक खात होत्या. त्यांतल्या कुणालाही यात नवल वाटलं नव्हतं.  मी मात्र केक तसाच हातात धरून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्या दिवसापासून माझ्या मनातल्या लॉरेनबाई 'त्या'च्या 'ती' झाल्या. चार वर्षांनी धाकटी बाई. इंग्रजीत काहीच बदललं नाही, पण मला आतून ते 'अहो' मागे घेताना फार विचित्र वाटलं.

मी वाचणारी बाई आहे. काळ्या लोकांना म्हातारपणातलं अपंगत्व गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतं आणि गाठल्यावर जास्त वर्षं सोबत राहतं, हे मी कितीतरी वेळा वाचलेलं होतं. परवान्यासाठी दर थोड्या वर्षांनी अभ्यासक्रम करावे लागतात, त्यांत हे शिकवतात. माझ्याकडे त्याची कारणंही पाठ होती. पण वाचताना ते 'त्या लोकांचं' होतं, एका आलेखावरच्या दोन रेषा. दोन्ही रेषा एकाच टेबलाशी केक खात उभ्या असतील, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मी तिला विचारायला लागले. ती सांगायची, फारसं न थांबता, गाडीत सामान ठेवता ठेवता. अठराव्या वर्षी नर्सिंग होममध्ये लागली. तेव्हा माणसं उचलायची यंत्रं नव्हती, दोन बायका मिळून उचलायच्या आणि दुसरी आली नसली तर एकीनंच. संध्याकाळी ऑफिसं झाडायला जायची. पाठ आखडली तरी रजा घेणं परवडायचं नाही. रक्तदाब तिशीतच लागला, साखर चाळिशीत. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तर ती केस टोपीत कोंबायची.

"तुझे गुडघे दाखव," एकदा ती मला म्हणाली. मी सलवार वर केली. ती वाकून बघत राहिली. "हे तर अजून पेटीतच आहेत. काढलेच नाहीस कधी वापरायला?"

त्या वर्षी गणपतीच्या जेवणाला मी केकची गोष्ट सबनीस काकांना सांगितली. काका जुने डॉक्टर, ऐंशीच्या घरातले, ताठ. आमच्या मंडळात आरोग्याबद्दल शेवटचा शब्द त्यांचा.

"अगं, त्यात सरप्राइज होण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "त्यांचं खाणं बघ. सोडा काय, तळलेलं काय. डॉक्टरकडे वेळेवर जात नाहीत. आपल्या लोकांमध्ये डिसिप्लिन आहे."

"काका, ही तुमची तिसरी जिलबी," मी म्हणाले.

"मी रोज वॉक करतो!"

"हो, करतात ना," शेजारून काकू म्हणाल्या. "आणि वॉक करून आले की सोफ्यावर बसून हाक मारतात, पाणी आण. डिसिप्लिन म्हणे!"

सगळे हसले आणि विषय संपला. घरी येताना मी यांना म्हटलं, काका अगदी खोटं बोलत नव्हते, आपली माणसं खरंच बरी चालतात. हे गाडी चालवत होते. म्हणाले, "आपल्याला चाळून घेतलंय गं या देशानं. डॉक्टर घेतले, इंजिनिअर घेतले. ज्यांनी जन्मभर ओझी उचलली, त्यांना व्हिसा कुणी दिला?"

ते सहज बोलून गेले. मला मात्र नागपूरला आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई आठवल्या. कमरेत वाकलेल्या, भिंतीला हात लावून उठणाऱ्या. त्यांनाही आम्ही सगळे मावशीच म्हणायचो. माझी आईसुद्धा. आज विचार करते, तर त्या आईपेक्षा लहान असाव्यात.

लॉरेन अठ्ठावन्नाव्या वर्षी कामावरून थांबली. थांबली म्हणजे तिला थांबावंच लागलं, एका आजोबांना सावरताना पाठीत चमक भरली ती गेलीच नाही. त्यानंतर आम्ही फोनवर बोलायचो. दोन वर्षांनी एका सोमवारी माझ्या भेटींच्या यादीत तिचं नाव आलं. ओळखीचा पेशंट घेऊ नये असा संकेत आहे, पण तिनं ऑफिसला सांगितलं होतं, "मला अंघोळ शिकवायला येणार असेल तर तीच येऊ दे. दुसरी आली तर मी तिलाच शिकवीन."

डेट्रॉइटच्या पश्चिम भागातलं विटांचं बैठं घर. लेक डेनीस तिच्याजवळच राहायची, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. लॉरेन खुर्चीत बसली होती आणि तिचा डावा पाय बँडेजमध्ये होता. अंगठ्याशेजारच्या बोटावर जखम झाली होती आणि भरत नव्हती.

"दुखतं?" मी विचारलं.

"आडवं पडलं की. पाय पलंगावरून खाली सोडला की बरं वाटतं, म्हणून मी बसूनच झोपते."

हे ऐकलं आणि माझ्या हातातलं सामान मी खाली ठेवलं. पाय लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर बहुतेक वेळा त्या पायापर्यंत रक्त नीट पोचत नसतं. खाली सोडला की वजनानं थोडं उतरतं. अशी जखम मलमानं भरत नाही. शेताला पाणीच येत नसेल तर वरून खत टाकून काय उपयोग, तसं.

मला हे इतकं पटकन कळण्याचं कारण म्हणजे त्याच महिन्यात मी अगदी तसलीच जखम पाहिली होती. तळ्याकाठच्या मोठ्या घरात राहणारे वॉल्टर, वय एक्क्याऐंशी, मोटार कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गोरे गृहस्थ. जखम पायाच्या त्याच बोटावर. त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. सोपी तपासणी आहे, दुखत नाही. घोट्याचा आकडा फार कमी आला. लगेच त्यांना रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, फुगा घालून रोहिणी मोकळी केली, बोट भरून आलं. वॉल्टर यांची एकच तक्रार होती, हॉस्पिटलातली कॉफी. ती त्यांनी मला दर भेटीत ऐकवली.

"तुझ्या घोट्याला कुणी पट्टा बांधला का?" मी लॉरेनला विचारलं.

"नाही."

"पायावर हात ठेवून नाडी बघितली?"

"क्लिनिकमध्ये मी मोजा काढला. डॉक्टरांनी मोजाच बघितला." ती हसली. "मग म्हणाले, साखर सांभाळा, लॉरेन. मलम दिलं. गोळ्या दिल्या. परत गेले, परत दिल्या."

मी तिच्या पावलावर बोटं टेकवली. पाऊल गार होतं. नाडी शोधत मी बराच वेळ बसले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिनं आयुष्यभर आजाऱ्यांचे आणि नर्सेसचे चेहरे वाचले होते, तिच्यापुढे लपवणं शक्य नव्हतं.

"किती वाईट आहे?" तिनं विचारलं.

"तपासायला हवं. लगेच."

मी आमच्या नर्सला फोन केला, नर्सनं क्लिनिकला केला. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. त्याआधीच लॉरेनला थंडी वाजून ताप भरला आणि डेनीसनं तिला हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी डेनीसचा फोन आला. "ते म्हणतायत, पाय काढायचा. परवा. गुडघ्याच्या वरून."

पाय काढण्यातसुद्धा गुडघ्याच्या वर आणि खाली यात किती अंतर असतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. गुडघा राहिला, तर कृत्रिम पाय लावून त्या वयातलं माणूस बऱ्याचदा उभं राहतं, घरातल्या घरात हिंडतं. गुडघा गेला, तर त्या वजनाचं, त्या पाठीचं, त्या खांद्याचं माणूस बहुतेक करून खुर्चीतच राहतं. आणि लॉरेनच्या घराचं बाथरूमचं दार खुर्ची आत जाण्याइतकं रुंद नव्हतं. ते मी स्वतः मोजलेलं होतं.

मी कामावरून सुटून तशीच हॉस्पिटलात गेले. सर्जन तरुण होता, नम्र होता. हे मुद्दाम सांगते, कारण तो कुणी दुष्ट माणूस नव्हता. तो खाटेपाशी उभा राहून डेनीसला समजावत होता.

"पायाचा रक्तपुरवठा तपासला का?" मी विचारलं.

"आपण कोण?"

"माझी मावशी आहे ती," खाटेवरून लॉरेन म्हणाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला.

"इन्फेक्शन बरंच पुढे गेलंय," तो म्हणाला. "रक्तवाहिनी मोकळी करायची तर नंतर वारंवार तपासणीला यावं लागतं. आमचा अनुभव असा, की अशा पेशंट्सना ते जमत नाही. ते वेळा चुकवतात. मग पुन्हा इन्फेक्शन, पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा एकदाच काय ते झालेलं बरं."

अशा पेशंट्सना. त्यानं हे अगदी हळुवारपणे म्हटलं.  

लॉरेन कोपरावर उठून बसली. "डॉक्टर," ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं लोकांना अंघोळ घातली. बर्फ पडला तरी. लोक अंगावर काही न घालता माझी वाट बघत बसलेले असायचे. तुम्ही सांगा, मी कुठली वेळ चुकवली?"

त्याचा चेहरा लाल झाला. तो बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घोट्याला पट्टा बांधला गेला.

दुपारी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञ बाई आल्या. वयस्क, शांत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, लॉरेनचा हात हातात घेतला आणि कागदावर रेघा काढून दाखवल्या. मांडीतली रोहिणी जवळजवळ बंद होती. ती आज उघडता येईल. पाऊल वाचणार नाही, पण रक्त सुरू झालं तर गुडघा वाचेल.

"आणि पाऊल?" डेनीसनं विचारलं. "पाऊल कधी वाचलं असतं?"

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "काही महिन्यांपूर्वी आल्या असत्या, तर कदाचित फक्त बोट गेलं असतं. कदाचित तेही नाही."

"काही महिन्यांपूर्वी ती इथेच होती," डेनीस म्हणाली. "याच इमारतीत. क्लिनिक खालच्या मजल्यावर आहे."

 लॉरेननं कूस बदलली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मला सारखे वॉल्टर आठवत होते. त्यांच्याबद्दल मनात काहीच वाईट नव्हतं. त्यांचं बोट वाचलं ते चांगलंच झालं. त्यांच्या डॉक्टरांनी काही विशेषही केलं नव्हतं, करायचं तेवढंच केलं होतं.

गुडघा वाचला. माझ्या नोकरीतलं ते शेवटचं वर्ष होतं. माझ्या हातून काय झालं असं कुणी विचारलंच, तर मी तो गुडघा सांगेन, आणि तोही काही मी एकटीनं वाचवला नाही.

तिला पलंगावरून खुर्चीत जायला शिकवणं माझ्याकडे आलं. फळी टाकायची, हातांवर भार घ्यायचा आणि सरकत जायचं. हेच तिनं जन्मभर शेकडो लोकांना करायला लावलं होतं. "हळू, लॉरेन, आधी ब्रेक लाव," मी म्हणाले, की ती डोळे मिटून घ्यायची. "चुपचाप उभी राहा. मला ऐकू दे, मी लोकांना काय सांगायचे ते." मग स्वतःलाच मोठ्यानं सूचना देत ती सरकायची. कृत्रिम पाय आला तेव्हा तिनं त्याला लाल नेलपॉलिश लावून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ती वॉकर घेऊन घराच्या ओसरीपर्यंत आली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "बघतेस काय? मी बाहेर निघालेय." एवढं तिचं चालणं राहिलं. ओसरीपर्यंत. त्यात तिनं दोन उन्हाळे काढले. मग हृदय थकलं. मार्चमध्ये गेली तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती.

चर्च भरलं होतं. आपल्याकडच्यासारखी पांढऱ्या कपड्यांतली शांतता तिथे नव्हती. लोक मोठ्यानं गात होते, रडत होते, मधेच हसतही होते, कारण पाळक तिचे किस्से सांगत होते. हे आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना संपल्यावर डेनीस आमच्यापाशी आली. जेवण खाली तळघरातल्या हॉलमध्ये होतं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. यांना दुसऱ्या दिवशी लवकर विमान पकडायचं होतं, ते तिला भेटून निघाले. मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या गाडीतून नंतर येईन म्हणाले.

"आधी यांना भेट," डेनीसनं मला हाताला धरून नेलं. "या मम्माच्या शाळेतल्या. एकाच वर्गात होत्या. सगळ्या आल्यात."

छोट्याशा लिफ्टपुढे सातआठ बायका थांबल्या होत्या. ठेवणीतल्या हॅट घातलेल्या, छान नटलेल्या. दोघींच्या हातात वॉकर, एकीच्या हातात काठी. एक चाकांच्या खुर्चीत होती. एकीच्या नाकात प्राणवायूची नळी आणि शेजारी नातवासारखा धरून ठेवलेला छोटा सिलिंडर. एक भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. लिफ्टमध्ये एका वेळी दोघीतिघीच मावत होत्या. त्यांनी माझे हात हातात घेतले, लॉरेनच्या खोड्या सांगितल्या. वर्गात ती सगळ्यांत जोरात पळायची, असं खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मीही रांगेत उभी राहिले. पांढरे हातमोजे घातलेली, व्यवस्था बघणारी एक तरुण बाई माझ्याजवळ आली आणि हळूच माझ्या कोपराला स्पर्श करून म्हणाली, "मॅम, तुम्ही जिन्यानं गेलात तर चालेल का? लिफ्ट आम्ही वयस्क मंडळींसाठी ठेवली आहे."

तिनं दाखवलं तिकडे मी वळले. जिना रिकामा होता. खालून जेवणाचा वास येत होता. कठड्याला हात न लावता मी खाली पोचले. हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडून ठेवली होती आणि एकाही खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. मी लिफ्टच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिले आणि त्या खाली यायची वाट बघू लागले.